पऱ्हाट्यांमागचा लाल दिवा

शंभर मीटरची खूण मागे पडली, तरी सायकल दिसेना. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. अकोटच्या रस्त्यावर समोरून कापसाचा ट्रक येत होता. आम्ही दुपारी झाडांवर चुन्याने अंतरे लिहिली होती. पुढच्या मोरीपाशी, रस्त्याच्या कडेला, शाळकरी प्रणाली सायकल घेऊन उभी राहणार होती. माझ्या रिपोर्टप्रमाणे तिचा मागचा दिवा दीडशे मीटरवरून दिसायला हवा होता.

"म्याडम, मले तं काईच दिसून नाई राहिलं," जीप चालवणारे रफिकभाई म्हणाले आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला.

ट्रक गेला. तीस मीटरवर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा होता आणि भाऱ्यापलीकडे प्रणाली.

अकोल्यातील आमची संस्था खेड्यांतून सायकलने शाळेत येणाऱ्या मुलींना दिवे देते. ते तपासून निवडणे हे माझे काम. तीन नमुन्यांपैकी 'ब' मी पहिला ठरवला होता. दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश लुमेनमध्ये मोजतात. 'ब'चे लुमेन सर्वांत जास्त होते. पाण्याच्या फवाऱ्यातही तो टिकला. रबरी पट्ट्याने तो सीटखालच्या दांड्याला बसे. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्डरवर सही व्हायची होती. ही ट्रायल म्हणजे निव्वळ औपचारिकता, असे मीच संस्थेच्या प्रमुख सरांना सांगितले होते.

मी मागून पाहिले. दिवा चालू होता. कॅरिअरवर आडव्या बांधलेल्या भाऱ्याने तो पूर्ण झाकला होता.

"हे आज कशाला बांधलंस?" मी विचारले.

"रोजच बांधतो ना ताई. रिकामं कॅरिअर घेऊन घरी गेलं तं माय बोलन मले. चुलीले काय लावन ते?"

वर्गातल्या बाकीच्या मुलींचे विचारले. कोणी चारा नेते, कोणी दळण, असे ती म्हणाली. मी प्रयोगशाळेत प्रत्येक वेळी रिकामी सायकल मोजली होती.

'क' हा सर्वांत मंद नमुना होता. मी तो जवळपास बाद केला होता. मात्र तो बोल्टने मडगार्डच्या खालच्या टोकाला बसत असे. रफिकभाईंनी पाना काढून जीपमधला 'क' तिथे, भाऱ्याच्या खाली, बसवला. भारा तसाच ठेवून आम्ही जीप मागे नेली. दीडशेवर काहीच नाही. एकशेवीसवर अंधूक काहीतरी. शंभरवर लाल ठिपका स्पष्ट दिसला. पुढचा ट्रक येईपर्यंत थांबलो. त्याच्या हेडलाइटसमोरही ऐंशीवर ठिपका टिकला.

मी तिथूनच सरांना फोन लावला.

"तुमच्याच रिपोर्टमध्ये 'क' शेवटचा आहे," सर म्हणाले.

"हो सर. रिपोर्ट चुकला. मी दिवा तपासला, सायकल तपासली नाही."

ते म्हणाले, "हे वाक्य लेखी पाठवा. आजच."

मी पाठवले. सकाळी 'क'च्या ऑर्डरवर सही झाली. तो दिवा प्रणालीच्या सायकलवरून आम्ही काढलाच नव्हता. तोच लावून ती आदल्या संध्याकाळी घरी गेली होती.

माझ्या चाचणीच्या फॉर्मवर पूर्वी पहिला रकाना लुमेनचा होता. आता तो दुसरा आहे. पहिल्या रकान्यात प्रश्न आहे : कॅरिअरवर काय बांधतात?