नावं ठेवलेल्या पाककृती

गावात मांसमच्छीशिवायच्या स्वयंपाकाचं पहिलं पुस्तक लिहिलं ते शिंप्याच्या बायकोने. छापखानेवाला तोंडावर म्हणाला, "बाई, कोबी कसा शिजवायचा हे वाचायला कोण पैसे मोजणार?" पण माणूस भला. हिवाळा संपेपर्यंत मजकूर आणून द्या, म्हणाला.

घोडं अडलं ते चवीपाशी. नवरा ताटात काहीही पडलं तरी "मस्त" म्हणायचा. एकदा सूपात भांडी पुसायचं फडकं उकळलं, तेही मस्तच झालं होतं. शेजारणी तोंडावर गोड बोलायच्या. खरं बोलणारी जीभ घरात एकच, ती सासूबाईंची. आणि त्यांच्या मते मांसाशिवाय जेवण म्हणजे नवरदेवाशिवाय लग्न.

"हे काय वाढलंयस? गुरांचं माझ्या ताटात आलं की काय?"

सूनबाई ताट उचलायची आणि दुसऱ्या दिवशी भोपळा आधी खरपूस भाजून घ्यायची.

"आज जरा कमी वाईट आहे," असं पुटपुटत सासूबाईंनी पुन्हा वाढून घेतलं, की ती कृती पुस्तकात जायची. एरवी नाही म्हणजे नाही. या दोघींमधून विस्तव जात नाही, असं सगळी गल्ली म्हणायची. गल्लीला काय कळतंय, डोंबल!

शेवटी एकच कृती उरली, वाटाण्याच्या सूपाची. नेमकं तेव्हाच सासूबाईंनी अंथरूण धरलं. सूनबाईने उशाशी बसून चमचाभर सूप भरवलं आणि बोलणी खायला सरसावून बसली.

"छान झालंय गं," सासूबाई म्हणाल्या.

सूनबाईने स्वतः चाखून पाहिलं. मीठच नव्हतं. घालायचं राहून गेलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि चुलीपाशी उभी राहून हमसून हमसून रडली. नवरा शिवण टाकून धावत आला.

"काय म्हणाली आई?"

"छान म्हणाल्या."

तो तसाच अनवाणी वैद्याला आणायला धावला.

पुस्तक छापून आलं तेव्हा सासूबाई नव्हत्या. शेवटच्या पानावरची एक ओळ काढा, गिऱ्हाईक बिचकेल, म्हणून छापखानेवाला हातघाईवर आला होता. सूनबाई बधली नाही. वाटाण्याच्या सूपाखाली ती ओळ अजून आहे: "या पदार्थाला घरात कुणी नावं ठेवलेली नाहीत. जरा जपून करा."