पोरीच्या वजनाइतक्या बैठका

कंपनीची बस रोह्याच्या नाक्यावर आम्हाला सोडून गेली की आठ-दहा जण चाळीकडे निघायचो. बाकीचे आपापल्या दारात शिरत. आमच्यातला एक गृहस्थ मात्र आत जात नसे. खिडकीतून डब्याची पिशवी पुढे करायचा, आतून बायकोचा हात येऊन ती घ्यायचा, आणि हा पायातले जाडजूड बूट न काढता अंगणातल्या शेवग्याखाली बैठका मारू लागायचा. शिफ्ट कुठलीही असो. ओव्हरटाइम करून सोळा तासांनी आलेला असो.

"आत गेलो की बसणार, बसलो की संपलो," असं त्याचं म्हणणं. "बूट काढायच्या आधी काय ते उरकायचं."

आम्हीही त्याच कंपनीतले, त्याच शिफ्टचे. आमच्यात घरी आल्यावर चहाचा कप उचलण्याइतकं त्राण उरत नसे. त्यातून मी म्हणजे व्यायाम या विषयाचा जुना जाणकार. दर सोमवारी सुरू करायचो. एकदा त्यासाठी कॅनव्हासचे नवे बूट आणले, ते पुढे माझ्या मेहुण्याने झिजवले. वेळ मिळत नाही, ही माझी ठरलेली सबब. ती तो शांतपणे ऐकून घ्यायचा. "शंभर नको मारू. दहा मार. दहा नाय तर दोन मार. पण शून्य नको रे."

एकदा सकाळी परतताना बसला उशीर झाला, तर हा उतरल्या उतरल्या नाक्यावरच खांबाला धरून सुरू. तिथे भाजी घेऊन बसणाऱ्या म्हातारीने मला हळूच विचारलं, ह्याला काय नवस फेडायचा हाय काय. मी अतिशय गंभीर चेहरा करून हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून म्हातारी त्याला हात जोडायला लागली. हे पाप माझं. पण म्हातारी फारशी चुकली नव्हती.

त्याला एकच मुलगी. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. शाळा नदीच्या बाजूला, तिचा वर्ग माडीवर. सकाळी तिला पाठीवर घेऊन जाता यावं म्हणून तो साहेबांच्या मागे लागून सेकंड नाहीतर नाईट शिफ्ट मागून घ्यायचा. दर वर्षी तिच्या वाढदिवसाला तिला भाताच्या गिरणीत न्यायचा आणि पोती मोजायच्या काट्यावर बसवायचा. गिरणीवाला मोठ्याने सांगायचा, सव्वीस. मग वर्षभर रोज दोन वेळा सव्वीस-सव्वीस बैठका. पुढच्या वर्षी एकोणतीस. किती मारतोस, असं कोणी विचारलं की उत्तर एकच, पोरीच्या वजनाइतक्या.

चौदाव्या वाढदिवसाला मीही गिरणीत होतो. काटा मागच्या वर्षापेक्षा दोन किलो कमी भरला. मी माझ्या स्वभावाप्रमाणे, चला, दोन बैठका वाचल्या, असं बोलून गेलो. कोणी हसलं नाही. घरी गेल्यावर त्याच्या बायकोने सांगितलं की पोर महिनाभर पानातली भाकरी परत टोपलीत ठेवतेय.

तो बूट घालूनच आत गेला. तसं मी त्याला तेवढं एकदाच पाहिलं. तिच्यासमोर उकिडवा बसला.

"बाय, तू पोटभर जेव. तू किती भरशील त्याची काळजी तू नाय करायची. उचलायचं काम माझं हाय."

ती खाली मान घालून जेवायला लागली. मी दारातून परत फिरलो आणि त्या संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा, सोमवार नसताना, दहा बैठका मारल्या. पुढे तेरा दिवस मारल्या. चौदाव्या दिवशी पाहुणे आले.

पोरगी शिकली. पेणला एका ऑफिसात नोकरी लागली. त्याआधी आठ महिन्यांचं ट्रेनिंग पुण्याला होतं, तिथलं हॉस्टेल तळमजल्यावर. त्याच वर्षी तो रिटायर झाला. बायको त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. म्हणजे आता वेळच वेळ. आणि मंडळी, ज्याने सोळा तासांच्या ड्युटीनंतर एक बैठक चुकवली नाही, तो माणूस आता खुर्चीतून उठेना. पोट सुटलं, साखर निघाली. सगळा दिवस शेवग्याकडे बघत बसायचा. मी त्याचंच वाक्य त्याला ऐकवलं, दहा नाय तर दोन मार. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोणाला उचलायचंय आता?"

ट्रेनिंग संपवून मुलगी घरी आली. तासभर बापासमोर बसली. पंधरा दिवसांनी तिने पेणला खोली घेतली आणि बापाला तिकडे बोलावलं.

सामानाच्या टेम्पोबरोबर मी गेलो होतो. खोली दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. चौतीस पायऱ्या, त्याही अरुंद. तळमजल्यावरची खोली रिकामी होती, मालक स्वतः ती घ्या म्हणत होता. ही म्हणे, वर हवा चांगली येते. मी तिला बाजूला घेऊन चांगलं झापलं. बाप साठीला आला, त्याच्या गुडघ्यांचा विचार कर, त्याला मारायला निघालीस का, असं जे जे सुचलं ते सगळं बोललो.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही त्यांना त्या खुर्चीत बसलेलं बघितलंय ना?"

मला तो उद्धटपणा वाटला. पुढे कित्येक वर्षं मी तिच्याशी मोजकंच बोललो.

पहिल्या दिवशी तिला वर नेताना तो चार ठिकाणी थांबला. त्याच संध्याकाळी त्याने पोत्यातून बूट काढले. महिन्याभराने मी गेलो तेव्हा दोनदा थांबत होता, गणपतीत गेलो तेव्हा थांबत नव्हता. पेणातही त्याने तांदळाचा एक दुकानदार गाठला होता. एक्कावन्न, मला त्याने आपणहून सांगितलं. सकाळी तिला खाली आणायचा, तिच्या तीनचाकी स्कूटरवर बसवायचा आणि संध्याकाळी पुन्हा वर. असं बारा वर्षं चाललं. शेवटी शेवटी मधल्या वळणावर पुन्हा थांबायला लागला. वारा घेतो, म्हणायचा. त्या जिन्यात वारा कुठून येणार.

व्यायाम करणारा माणूसही मरतो. एका रविवारी सकाळी बैठका झाल्यावर तो भिंतीला टेकून बसला, तो उठलाच नाही. दुपारपर्यंत आम्ही रोह्याहून पोचलो. जिन्यातून तिरडी वळली नसती, म्हणून ती खाली बांधली, आणि त्याला चादरीत घेऊन आम्ही चौघांनी उतरवलं. मधल्या वळणावर आम्हीही थांबलो.

खाली आल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की मुलगी वरच आहे. दोन पोरं तिला उचलून आणायला धावली. तिने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. वरच्या पायरीवर बसली, हातांनी पाय सरळ केले, तळवे दोन्ही बाजूंना टेकले आणि एक पायरी खाली सरकली. मग दुसरी. फुटकी पायरी आली तिथे न बघता तिने हात पलीकडे टाकला.

मालकाची बायको माझ्याशेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, बाप पेन्शनच्या कामाला रोह्याला गेला की ही अशीच ये-जा करायची. पहिल्या महिन्यापासून. त्याला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती.

मी मान खाली घातली. वरून फक्त तळव्यांचा आवाज येत होता. मधल्या वळणावर तो थांबेल असं मला वाटलं. तो थांबला नाही.