पाच पंख्यांची जुडी

रतनबाईंच्या लाइनवर पिवळ्या वायरवर लाल रेघ असली की तिला हळदीकुंकू म्हणतात. पांढरीवर काळी रेघ म्हणजे तीळतांदूळ. हिरवीवर निळी म्हणजे मोर. कंपनीच्या कागदावर या वायरींना अक्षरं आणि आकडे आहेत, पण पंधरा बायका समोरासमोर उभ्या राहून हात चालवत असतात, तेव्हा ‘मोर दे गं इकडं’ हेच तोंडातून लवकर निघतं. नवा सुपरवायझर आला की पहिला आठवडा गोंधळतो. दुसऱ्या आठवड्यात तोही मोर मागायला लागतो.

गाडीत दिव्यापासून हॉर्नपर्यंत वायरींची जी जाड जुडी फिरवलेली असते, ती बनवणाऱ्या चाकणच्या एका कंपनीत रतनबाई चौदा वर्षं आहेत. त्याआधी खराबवाडीत सासरच्या शेतात होत्या. भरतीच्या दिवशी साहेबाने त्यांच्यापुढे वीस वायरी टाकल्या आणि म्हणाला, बांधून दाखवा. रतनबाईंनी त्या मेथीच्या जुडीसारख्या मुठीत धरल्या, टोकं टेबलावर दोनदा आपटून सारखी केली आणि टेप गुंडाळली. साहेब हसला आणि म्हणाला, उद्यापासून या.

मी त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. मूळची उदगीरची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, पॅनेल बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला. त्यांना काकू म्हणते. त्यांची मुलगी हर्षाली यंत्रांच्या सुट्या भागांची डिझाइन करायला शिकली आहे आणि गेलं वर्षभर नोकरी शोधत होती. मागच्या महिन्यात तळेगावच्या एका साचे बनवणाऱ्या कंपनीने तिला ऑनलाइन परीक्षेला बोलावलं. शुक्रवारी अकरा ते एक. एका भागाचं डिझाइन काढायचं, त्यावर किती भार आला तर तो कुठे मोडेल याचं गणित कॉम्प्युटरकडून करून घ्यायचं आणि फाइल पाठवायची. मधेच कॉम्प्युटर बंद पडला तर परीक्षेत परत शिरता येणार नाही, असं सूचनेत ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

आणि हर्षालीचा कॉम्प्युटर नेमका तेच करायचा. पिंपळे गुरवमधलं एक गेमिंग सेंटर बंद झालं, तिथून तो आणलेला. ताकद भरपूर, पण डब्यातले पंखे मेलेले. साधं काम सुरू असलं तर ठीक. ते भाराचं गणित सुरू केलं की आठव्या मिनिटाला आतली उष्णता वाढून पडदा काळा.

“त्याला ताप चढतोय,” हर्षाली म्हणाली.

मी म्हणाले, डब्यात पाच पंख्यांची जागा आहे, पाचही लावू. पंखे आणले. कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवर डब्याच्या पंख्यांसाठी एकच जोडणी होती. मी एकाला दोन, दोनाला चार अशा फाटे फोडणाऱ्या वायरी घेतल्या आणि बुधवारी संध्याकाळी पाचही पंखे त्या एकाच जोडणीवर लावले. सुरू केलं. पाचही फिरले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग बारीक वास आला आणि पाचही थांबले.

ती जोडणी एक अँपिअरची होती. पाच पंखे मिळून दीड ओढत होते. दिवसभर लोकांच्या पॅनेलमधल्या अशाच चुका शोधून लाल शिक्के मारणारी मी, आणि घरी येऊन तीच चूक. नशिबाने बाकीची पाटी शाबूत होती, पण पंख्यांची जोडणी कायमची गेली. पाच पंखे एकत्र जोडायची तयार पट्टी मिळते, ती दुकानदार सोमवारी देतो म्हणाला. परीक्षा शुक्रवारी.

हर्षाली नुसतं “असू दे ताई” म्हणाली. ते जास्त लागलं.

रतनबाईंनी दारातूनच सगळं पाहिलं होतं. “पोरी, एका नळावर पाच पाइप लावले तर पाणी कुठनं यायचं?” त्या म्हणाल्या. “टाकीवरनंच घ्यायचं थेट. टाकी कुठं हाय ह्याची?”

मी वीजपुरवठ्याचा लोखंडी डबा दाखवला. भिंतीची वीज कॉम्प्युटरला चालेल अशी करून देणारा तो डबा. त्यातून निघणारा एक रिकामा प्लग तसाच लोंबत होता: चार वायरी, एक पिवळी, दोन काळ्या, एक लाल. पंख्यांना इथून थेट वीज घेता येते आणि इथे ताकदीची कमी नाही. प्रत्येक पंख्याला चालायला दोनच वायरी लागतात. तिसरी फक्त तो किती वेगाने फिरतोय ते कळवते, ती नसली तरी पंखा फिरतो.

“मंग हे माझं काम हाय,” रतनबाई म्हणाल्या. “उद्या गुरवार. सुट्टी.”

आमच्याकडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि वीजही बहुतेक त्याच दिवशी दुरुस्तीसाठी जाते. या गुरुवारी सकाळी नऊलाच गेली. मी स्कूटीवरून चाकणला पिना आणायला गेले. परत आले तर रतनबाईंनी अंगणात जुन्या पलंगाची फळी आडवी टाकली होती. तिच्यावर खडूने कॉम्प्युटरच्या डब्याचा पुरा नकाशा: पुढे तीन पंखे, वर एक, मागे एक. जिथे वायर वळणार तिथे खिळा. कंपनीत असाच मोठा बोर्ड असतो आणि त्यावर वायर अंथरत जायची असते.

त्यांचे यजमान गेनूकाका चहाचा कप घेऊन फळीभोवती एक फेरी मारून आले.

“पलंग मोडलास व्हय गं?”

“पलंग कवाचा मोडल्याला. तुमच्या घोरण्यानं.”

“सुट्टीच्या दिवशी पण कंपनी घरी आणली हिनं,” ते मला म्हणाले. “ओव्हरटाइम कोण देणार?”

“तुमी द्या. भांडी घासा,” रतनबाई मान वर न करता म्हणाल्या. गेनूकाका खरंच आत गेले आणि भांड्यांचा आवाज यायला लागला.

मी आणलेल्या पिना त्यांच्या हाती दिल्या. मग मी बघतच राहिले. वायरचं टोक सोलायचं, पिन बसवायची, पकडीने दाबायची आणि लगेच ओढून बघायची. प्रत्येक पिन. एकदा नाही, दोनदा. हर्षालीने विचारलं, “आई, दाबलीय ना घट्ट, मग ओढतेस कशाला?”

“गाडी खड्ड्यातनं जाते.”

“हा कॉम्प्युटर आहे गं. टेबलावर असतो.”

“टेबल तुझ्या बापानं बनवलंय,” रतनबाई म्हणाल्या आणि पुढची पिन ओढली.

दुपारी दोनला जुडी तयार झाली. टेप इतकी सारखी गुंडाळलेली, की मला आमच्या कंपनीतल्या वायरींची लाज वाटली. डब्यात ती अशी बसली, जणू तिथलीच. एकही वायर पंख्याच्या पात्याजवळ नाही. मी एकदा तपासून घ्यायला हवं होतं, पण आदल्या दिवशीच्या प्रकारानंतर काकूंच्या हातच्या कामात बोट घालायची माझी छाती झाली नाही.

साडेतीनला वीज आली. हर्षालीने बटण दाबलं. मागचा आणि वरचा पंखा हललाच नाही. पुढचे तीन असे फिरायला लागले, जसे लग्नात जेवून उठलेले पाहुणे. पाती मोजता येत होती.

हर्षालीने गणित सुरू करून पाहिलं. दहाव्या मिनिटाला पडदा काळा.

“म्हणजे दोन मिनिटं वाढली,” ती म्हणाली आणि हसायचा प्रयत्न केला. डोळे मात्र भरले होते. “राहू दे आई. पुढच्या वर्षी देईन कुठलीतरी.”

रतनबाईंचा चेहरा उतरला. “एकेक पिन वढून बगितलीय मी,” त्या म्हणाल्या. “तुटल्याली न्हाई. सुटल्याली न्हाई.”

तेव्हा मी खाली वाकून नीट पाहिलं. जोडणी सगळी पक्की होती. जुडी लाल आणि काळ्या वायरीवर घेतली होती.

“काकू, लाल का घेतली?”

“का म्हंजी? लाल बॅटरी, काळा बॉडी. चौदा वर्सं हेच करतीय.”

मला एकदम हसू फुटलं. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. “काकू, गाडीत लाल म्हणजे बारा व्होल्ट. इथे लाल म्हणजे पाचच. बारा व्होल्ट पिवळीत असतात. पंखे बारावर चालणारे. तुम्ही त्यांना उपाशी पळायला लावलंय.”

रतनबाईंनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं, मग त्या उघड्या डब्याकडे. “हळदीत बॅटरी?” त्या म्हणाल्या. “आन् कुंकवात पाच? कुणी ठरवलं हे? त्याला आदी आमच्या लाइनवर उभा करा.”

मी वीज बंद केली. त्यांनी केसातला आकडा काढला, जुडीच्या टोकाच्या प्लगमध्ये पिनेच्या घरात सारला, आतली पत्र्याची कळ दाबली, पिन बाहेर ओढली आणि पिवळीच्या समोरच्या घरात ढकलली. टक् असा आवाज आला. ओढून बघितली. दोनदा. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा लागलं नसेल.

बटण दाबलं. पाचही पंखे एकदम असे सुटले, की हर्षालीच्या टेबलावरचा कागद उडून दारात गेला. हर्षाली किंचाळली. गेनूकाका ओल्या हातांनी बाहेर आले, काय पेटलं बघायला.

रतनबाई उठून देवघरातली उदबत्ती घेऊन आल्या आणि डब्यापुढे धरली. धुराची रेघ सरळ आत ओढली गेली आणि मागच्या जाळीतून बाहेर आली. पुन्हा वरच्या पंख्याशी धरली. धूर छताकडे गेला.

“कॉम्प्युटरला धुरी देतीय बघा,” काका म्हणाले. “नजर लागली व्हती का?”

“वारा कुठनं कुठं जातोय ते बगतीय. गप बसा.” पण त्या हसत होत्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “चौदा वर्सांत किती जुड्या बांदल्या. तिथं टेस्टिंगला नुसता हिरवा दिवा लागतो, आन् माल गेला. चालताना जुडी आज पयल्यांदा बगितली.”

शुक्रवारी त्यांची दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी घरी होत्या. अकराला परीक्षा सुरू झाली. मी अर्धा दिवस रजा टाकली होती. फ्यूज जाऊ नये म्हणून रतनबाईंनी घरातला पंखा, टीव्ही सगळं बंद ठेवायला लावलं होतं. हर्षाली पडद्यावर डिझाइन काढत होती, आणि रतनबाई टेबलामागे पदर खोचून उभ्या होत्या, तळहात मागच्या जाळीपुढे धरून. मी खुणेने बसा म्हटलं, पण त्या बसल्या नाहीत.

बारा वाजून दहा मिनिटांनी हर्षालीने गणित सुरू केलं. माझं लक्ष घड्याळावर. पाच मिनिटं झाली, मग सात. आठव्या मिनिटाला हर्षालीने खुर्चीचा हात घट्ट धरला. पंख्यांचा आवाज तसाच होता.

“गरम वारा येतोय काकू?” मी कुजबुजले.

“येतोय की. येऊ दे. भाईर येतोय म्हंजी आत न्हाई.”

दहावं मिनिट गेलं. पंधरावं गेलं. बाविसाव्या मिनिटाला पडद्यावर तो भाग रंगांत उमटला: निळा, हिरवा आणि एका कोपऱ्यात, जिथे भार पडून मोडणार होता तिथे, लालभडक. हर्षालीने तो कोपरा जाड केला, पुन्हा गणित लावलं, पुन्हा बावीस मिनिटं गेली आणि लाल नाहीसा झाला. बारा वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली असतील नसतील, तिने फाइल पाठवली.

“गेली,” ती म्हणाली. मग मोठ्याने, “आई, गेली!”

रतनबाईंनी जाळीपुढून हात काढला. तळहात लाल झाला होता. त्यांनी तोच हात मुलीच्या गालावर ठेवला आणि हर्षाली ओरडली, “अगं भाजतंय!”

दारातून गेनूकाकांनी डोकं आत घातलं. “झाली व्हय? दोन तास पंखा न्हाई, टीव्ही न्हाई. आता लावू का मी काही?”

“लावा,” रतनबाई म्हणाल्या. “पन दुसऱ्या बोर्डाला.”

हर्षाली आता रोज सकाळी साडेसातच्या बसने तळेगावला जाते.