पूर्णा गावातलं रग्बीचं खाचर

"मैदान जायच्या आधी एकदा येऊन बघून जा, मॅडम. नंतर नुसतं सांगायलाच उरेल," असं मुश्ताकसर फोनवर म्हणाले, आणि मी शाळेत रजा टाकून दहिवडीहून निघाले.

मी माण तालुक्यातल्या एका शाळेत खेळ शिकवते. कॉलेजात असताना थोडं रग्बी खेळले होते. आमच्या शाळेतल्या मुलींची टीम उभी करावी असं फार दिवस मनात होतं, पण पालक तयार होत नव्हते. भिवंडीजवळच्या पूर्णा गावात मुलींचा रग्बी क्लब होता, तोही शेतकऱ्यांच्या आणि यंत्रमाग कामगारांच्या मुलींचा, असं एका ओळखीच्या पंचांकडून कळलं. क्लब सुरू करणाऱ्या मुश्ताकसरांचा नंबर त्यांनीच दिला. सरांनी हे कसं जमवलं, एवढंच मला विचारायचं होतं.

कल्याणहून शेअर रिक्षा केली. कोन गाव मागे पडलं तसे कंटेनर वाढत गेले. रस्ता त्यांचाच होता. आमची रिक्षा त्यांच्या चाकांच्या मधून वाट काढत होती. थंडीचे दिवस असूनही हवेत धूळ इतकी की शेजारच्या बाईंनी न बोलता आपल्या ओढणीचं टोक माझ्या नाकाशी धरलं.

मुश्ताकसर नाक्यावर उभे होते. साठीच्या पुढचे, उंच, चालताना एका गुडघ्यात किंचित लंगडणारे. त्यांचं कोकणी मुसलमान घराणं भिवंडीत पिढ्यान्‌पिढ्यांचं. घरी नेऊन त्यांनी आधी मला खाऊ घातलं. तांदळाच्या रव्याची, नारळाच्या रसातली वाफवलेली सांदणं होती. मी तिसरं सांदण घेतलं तेव्हा त्यांच्या पत्नी हसल्या आणि म्हणाल्या, "रग्बीवाली दिसतेच."

खाता खाता सरांनी क्लबची हकिकत सांगितली. तरुणपणी ते मुंबईत रग्बी खेळले. गुडघा गेला, मग वडिलांचा मागांचा कारखाना सांभाळला. तो धंदाही बसत गेला तेव्हा रिकाम्या संध्याकाळी करायचं काय, म्हणून त्यांनी वस्तीतल्या पोरांना लांबट चेंडू दाखवला. जागा शहरात मिळेना. पूर्णा गावातले बाळाराम हे त्यांच्या ओळखीचे आगरी शेतकरी. भात कापून झाल्यावर त्यांचं खाचर (बांध घातलेलं भातशेत) पावसाळ्यापर्यंत मोकळं असायचं. त्यात ते वाल पेरायचे. सरांनी विचारलं, आणि बाळारामभाऊंनी वालाचं पीक सोडून जागा दिली. पोरांनी धसकटं उपटली आणि कारखान्यातले जुने पाइप जोडून गोलपोस्ट उभे केले. पाऊस आला की मैदानाचं शेत व्हायचं आणि कापणी झाली की शेताचं मैदान.

"आणि मुली?" मी विचारलं.

"भाऊंची दर्शना बांधावर बसून बघायची. एक दिवस उठली आणि आत आली. मग शबनम आली. शबनम आमच्या इथल्या माग कामगाराची मुलगी. तिच्यासारखी पळणारी मी मुंबईतही पाहिली नाही."

मग ते सावकाश बोलले. शबनम वस्तीतून सायकलवर यायची. एका संध्याकाळी प्रॅक्टिस संपवून ती घरी निघाली. गोडाऊनच्या गेटमधून मागे येणाऱ्या कंटेनरखाली ती सापडली. जागच्या जागीच गेली.

"ती मैदानावर गेली नाही, रस्त्यावर गेली. पण लोक म्हणाले, खेळापायी गेली. एकेक करून मुली यायच्या बंद झाल्या. मी कुणाच्या दारात जाऊन काय सांगणार होतो? मुलगे थोडे दिवस खेळले, मग तेही कामाला लागले."

जे विचारायला मी एवढ्या लांब आले होते, ते मी विचारलं नाही.

"आज तिची अम्मी आपल्याबरोबर येणार आहे," सर म्हणाले. "मैदान जातंय हे मी त्यांना कळवलं होतं. त्या म्हणाल्या, मला एकदा दाखवा. त्यांचे मिस्टर काम सुटल्यावर मुलुखाला, म्हणजे गावी, आझमगडकडे गेलेत. आता याही कायमच्या चालल्यात."

शबनमच्या अम्मी, जमीलाबी, गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. काळा बुरखा, चेहरा उघडा, हातात कापडी पिशवी. मागे मागांची खटखट चालू होती, इतकी की त्यांनी मला काय विचारलं ते दोनदा ऐकावं लागलं. त्या विचारत होत्या, "तुम भी खेलती हो?" मी मान हलवली. त्यांनी माझ्या खांद्यांकडे पाहिलं, मग हातांकडे, आणि रिक्षात माझ्या शेजारी बसल्या.

पूर्णा गावात शिरल्यावर आम्ही रस्ता चुकलो, आणि चुकवला तो सरांनीच. ज्या पायवाटेनं ते वर्षानुवर्षं गेले, तिथे आता पत्र्याची उंच भिंत होती. पुढच्या गेटावर वॉचमननं अडवलं.

"गाडी कुठली? माल कोणता?"

"माल नाही. आम्हाला ग्राउंडवर जायचंय," सर म्हणाले.

"इधर कोई ग्राउंड नहीं है, चाचा."

रिक्षा वळवून आम्ही गावातून फिरून, तबेल्याच्या मागून पोचलो.

अर्ध्या खाचरावर मुरुमाचा भराव पडला होता, माणसाच्या छातीइतका उंच. दोन डंपर अजून माती ओतत होते. एका बाजूचे गोलपोस्ट गेलेच होते. दुसऱ्या बाजूचे मात्र उभे होते, गंजलेले, आणि त्यांच्यापुढे शेताचा एक तुकडा धसकटांसकट शिल्लक होता. या वर्षी ती धसकटं कुणी उपटली नव्हती.

बाळारामभाऊ बांधावर बसले होते. आम्हाला पाहून उठले. मी जमिनीकडे बघतेय हे त्यांनी ओळखलं असावं.

"चारी अंगांना भराव झाले, बाय," ते म्हणाले. "पावसाचं पानी जातच न्हाय. दोन सालं भात उभ्या उभ्या कुजला. भावकी गोडाऊनवाल्याला इकाला बसली, मी एकटा कवर धरू? आनि खरं सांगू? त्या पोरीमागं मना हिकरं बघवतच न्हाय."

जमीलाबी कोण हे सरांनी सांगितलं. भाऊंनी हात जोडले. मग ते डंपरवाल्यांकडे गेले आणि त्यांना चहाला घालवलं. इंजिनं बंद झाली तेव्हा कुठे बगळ्यांचा आवाज ऐकू आला.

दर्शना घराकडून येत होती. गोडाऊनमधली सकाळची शिफ्ट नुकतीच संपली होती, गळ्यात अजून ओळखपत्र होतं. काखेत जुना, चामडी सुटलेला चेंडू. काही पावलांवर येऊन ती थांबली, पुढे येईना. शबनमच्या मयतीनंतर ती तिच्या आईसमोर कधी गेली नव्हती, हे मला सरांनी हळूच सांगितलं. दर्शना कॅप्टन होती. त्या संध्याकाळी शबनमला "चल, उद्या भेटू" म्हणणारी शेवटची तीच.

जमीलाबीच तिच्याकडे गेल्या. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"वो हर बार बोलती थी, अम्मी चलो, देखो," त्या म्हणाल्या. "मैं बोलती, कांडी भरके देनी है, अगली बार." कांडी म्हणजे कापडाचं आडवं सूत गुंडाळायची नळी. माग कामगारांच्या बायका घरी बसून त्या भरतात. "अब तुम दिखाओ. कहाँ दौडती थी?"

दर्शनानं डोळे पुसले. बूट घट्ट केले. मग ती त्यांना हात धरून भरावाच्या कडेशी घेऊन गेली.

"खाला, मैं इधर रहती थी. बॉल हाथ में लेके आगे भागनेका, पर पास पीछेच देनेका. वो मेरे पीछे इधरसे आती थी. मना मागं बघावाच लागाचा न्हाय." ती नकळत आगरीवर आली. "आवाज यायचा तिचा. दे, दे, दे. मी दिला की ती गेली."

"फिर?"

दर्शनानं चेंडू छातीशी धरला आणि धावली. धसकटं पायाखाली कडकडत होती. ती कडेकडेनं गेली, एकदा आत झुकली, जणू कुणाला तरी चुकवलं, आणि गोलपोस्टच्या रेषेपलीकडे जाऊन तिनं चेंडू जमिनीला टेकवला. तशीच वाकून राहिली. पाठ हलत होती तिची.

जमीलाबी सावकाश चालत त्याच वाटेनं गेल्या. बुरख्याची कड धसकटांत अडकत होती, ती त्या सोडवून घेत होत्या. तिथे पोचल्यावर त्यांनी विचारलं, "बस? इतना ही?"

"इतनाच, खाला. बॉल जमीन को लगना चाहिए. इसको ट्राय बोलते."

त्या खाली बसल्या. दर्शनाच्या हातून चेंडू घेतला, दोन्ही हातांनी उचलला आणि मातीवर ठेवला. हात काढून घेतला नाही.

"लोग ताली बजाते थे?"

बांधावरून टाळी वाजली. बाळारामभाऊ एकटेच वाजवत होते, जोरात, तोंड दुसरीकडे फिरवून. मग सरांनी वाजवली, मग मी. जमीलाबी रडल्या त्या तेव्हा, मोठ्यानं.

बऱ्याच वेळानं त्यांनी दर्शनाला आणखी एक विचारलं. "उस दिन हँसी थी वो?"

"बहुत हसी थी. मी पडले होते धुळीत, म्हणून."

"अच्छा," जमीलाबी म्हणाल्या. "अच्छा किया बताया."

दर्शनाच्या आईनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुक्या जवळ्याची चटणी. जमीलाबींना बिरडं वाढताना ती म्हणाली, "तुमची पोर याच पाटावर बसाची. तिला जादा तिखट लागाचा." जमीलाबींना शब्द सगळे कळले नसावेत, पण त्यांनी ताटातली मिरची उचलून दाखवली आणि दोघी एकदम मान हलवू लागल्या. बाहेर डंपर पुन्हा सुरू झाले होते.

निघताना मी सरांना एवढंच विचारलं, पुन्हा क्लब काढणार का. ते म्हणाले, "माझं वय झालं, मॅडम. आणि वय नसतं झालं तरी जागा कुठे आहे?"

परतीच्या एसटीत झोप लागली नाही. एक खेळ कसा उभा करायचा ते शिकायला मी गेले होते आणि एक खेळ संपताना पाहून आले होते. शबनमला रस्त्यानं नेलं, खाचराला भरावानं, आणि दोन्ही वेळी थांबा म्हणणारं कुणी नव्हतं. जमीलाबींना आपल्या लेकीची धाव बघायला मिळाली ती दुसऱ्या मुलीच्या पायांतून. तेवढंच त्या मुलुखाला घेऊन गेल्या.

शाळेत आल्यावर मी मुलींच्या हातात चेंडू दिला नाही. आधी त्यांच्या आयांना निरोप धाडला की परवानगी नंतर द्या, नाही दिलीत तरी चालेल, पण मुली धावतात कशा ते एकदा येऊन बघा. बऱ्याच जणी आल्या नाहीत. कांदा लागवडीचे दिवस होते. ज्या आल्या त्या कुंपणापाशी पदर सावरून उभ्या राहिल्या. मी शिट्टी वाजवली आणि मुली धावत सुटल्या. मी मुलींकडे बघत नव्हते. मी त्या आयांकडे बघत होते.