पाचव्या घरचा जोगवा

त्या नवरात्रात मी देवीशी बोलणं सोडलं होतं. घट बसवले होते, रोजची माळ चढत होती, अखंड दिवा तेवत होता, पण ते सगळं नुसते हात करत होते. मनातून मी रुसले होते. लग्न होऊन यवतमाळकडून धायरीत आले तेव्हापासून मार खात होते. कधी भाजीत मीठ कमी म्हणून, कधी शेजारणीशी बोलले म्हणून. दर वेळी देवापुढे बसून म्हणायचे, आई, ह्यांना चांगली बुद्धी दे. त्या दिवशी सकाळी ह्यांनी मला मारलं आणि मध्ये आली म्हणून लेकीलाही भिंतीवर ढकललं. ती दुसरीत होती. तिच्या कपाळाला टेंगूळ आलं. वर्कशॉपला जाताना दारातून म्हणाले, "संध्याकाळी आल्यावर बघतो दोघींना." लेकीवर त्यांचा हात पहिल्यांदाच उठला होता. ते गेल्यावर मी देवीकडे पाठ करून बसले. मनात म्हटलं, तुला दिसतच नाही, तर तुझ्यापुढे दिवा कशाला लावायचा?

तरी दिवा विझू दिला नाही. लेकीला घेऊन निघून जावं असं सारखं मनात येत होतं. पण घट बसलेले असताना घर सोडायचं नाही, अखंड दिवा शांत झाला तर घरावर संकट येतं, हे मी आईकडून शिकले होते. सासूबाई, आमच्या वऱ्हाडाकडच्याच, कोपऱ्यात बसून माळेसाठी झेंडू ओवत होत्या. त्या फार बोलत नसत. मुलगा मारायला लागला की भिंतीकडे तोंड करत. त्यांच्यावर दिवा सोपवावा असं माझ्या मनातही आलं नाही. आणि जायचं तरी कुठं? आईवडील राहिले नव्हते, पुण्यात माझं कोणी नव्हतं. लेकीच्या कपाळाला हळद लावली, दिव्यात तेल घातलं आणि संध्याकाळच्या भीतीनं बसून राहिले. संकट घरातच राहत होतं आणि ते येऊ नये म्हणून मी दिवा जपत होते, हे तेव्हा कळलं नाही.

दुपारी वरच्या मजल्यावर आमच्या दारात आवाज आला, "अंबाबाईचा जोगवा वाढा!" सुजलेलं तोंड घेऊन दार उघडायची मला लाज वाटली. पण देवीच्या नावानं मागणाऱ्या बाईला रिकामं पाठवत नाहीत. तोंड धुतलं, पदर गालावर ओढला, सुपात तांदूळ घेतले. त्यात बराच वेळ गेला. वाटलं, कंटाळून गेली असेल. दार उघडलं तर ती उभीच होती. साठीच्या पुढची, कपाळभर कुंकू, हातात परडी. मी मान खाली घालून तांदूळ वाढले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे उभ्या लेकीच्या कपाळाकडे पाहिलं. काय झालं म्हणून विचारलं नाही. म्हणाली, "माझी परडी भरलीस. आता पदर पसर, तुझी ओटी भरते."

पदर पसरला तसा गाल उघडा पडला. तिनं परडीतलेच तांदूळ मूठमूठ माझ्या ओटीत घातले. "ओटी भरलेल्या लेकीनं माहेरी जावं. तुझं माहेर कुठं?"

"नाही राहिलं."

"मग माझ्याकडे चल. वारज्याला आमचं भजनी मंडळ आहे, मंदिरामागे खोली आहे. तुझ्यासारख्या आल्यात आधी, लेकरांसकट."

मला रडू फुटलं. "दिवा आहे हो, मावशी. अखंड दिवा."

"बरं मग? देवीला अंधारात दिसत नाही की काय?"

मी काही बोलणार तोच मागून सासूबाई म्हणाल्या, "तू जाय व. दिव्याले मी पायतो."

"आई, पण ते संध्याकाळी आले की..."

"मायवर हात नाही टाकत थो. पोरीले घे." मग माळेवरची नजर न काढता म्हणाल्या, "मीबी दिव्यापाशीच बसून राह्यलो, जन्मभर. तू नोको बसू."

मी त्यांच्या पाया पडले आणि ओटीतले तांदूळ पदराला बांधून निघाले.

दुसऱ्या दिवशी हे शोधत मंदिरात आले. बायका टाळ घेऊन बसल्या होत्या. कोणी आवाज चढवला नाही. मावशी म्हणाल्या, "ओटी भरून आणलेली माहेरवाशीण आहे. घट उठल्याशिवाय आम्ही पाठवत नाही. आरती घ्या, प्रसाद घ्या आणि या." घरात एवढे ओरडणारे माझे मालक त्या बायांपुढे हात पुढे करून उभे राहिले. प्रसाद हातात घेऊन गेले. तेवढ्या दिवसांत मंडळातल्या एका वकीलताईंनी मला घरातल्या मारहाणीची तक्रार घेणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे नेलं. मावशी माझा हात धरून बसून राहिल्या. संसार मोड असं मला कोणी म्हटलं नाही, सोसत राहा असंही नाही. सगळं मी जमिनीकडे बघतच सांगितलं, पण सांगितलं. पुढे कोर्टाचा हुकूम झाला, त्यांनी आमच्याजवळ यायचं नाही असा.

दसऱ्याला बायकांना बरोबर घेऊन लेकीची पुस्तकं आणायला घरी गेले. हे नव्हते. दिवा तेवत होता. वात सारून सारून सासूबाईंची बोटं काळी झाली होती. मी ती हातात घेतली, त्यांनी घेऊ दिली.

मावशींनी मागाहून सांगितलं, त्यांचं पाच घरी जोगवा मागायचं व्रत होतं. चार घरं झाली आणि खालच्या मजल्यावर पाचव्या घराला कुलूप. गुडघे दुखतात म्हणून त्या जिना चढत नाहीत. "त्या दिवशी कशी चढले, मला नाही सांगता यायचं," म्हणाल्या. मीही जास्त विचारलं नाही.

मी देवीकडे मागत होते ते तिनं दिलं नाही. ह्यांची बुद्धी बदलली नाही. तिनं माझ्या दारी माणूस पाठवलं आणि कधी न बोलणाऱ्या तोंडाला बोलतं केलं. तिच्यावर भार टाकायचा म्हणजे सोसत बसायचं, असं मी समजत होते. हातातला दिवा दुसऱ्याच्या हाती देऊन उंबरा ओलांडला, तेव्हा कुठे माझा भार तिच्यावर पडला. तिचे उपकार मी फेडू शकत नाही.

आता नवरात्रात मीही परडी घेऊन निघते. मोठ्यानं हाक मारायला अजून लाजते. पण कुणी दार उघडायला वेळ लावला, तर पुढच्या घरी जात नाही. थांबते.