पायवाल्या बाई

आमच्या पायवाल्या बाई आधी चपला बघत, मग माणूस. न्यू पनवेलहून सुकापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, एका मेडिकलच्या वर त्यांचं दोन खोल्यांचं फिजिओथेरपी क्लिनिक होतं. पेशंटनं दारात काढलेली चप्पल त्या सरळ हातात घ्यायच्या, उलटी करून झिजलेला तळ उजेडात धरायच्या आणि आत येऊन म्हणायच्या, "उजवा गुडघा ना?" माणूस चाट पडायचा. बाईमाणसानं, त्यातून डॉक्टरनं चपलेला हात लावावा याचा काही म्हाताऱ्यांना फार संकोच वाटे. त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं होतं, "माझा बाप मिठागरात राबायचा. त्याच्या पायाच्या भेगा मी रोज धुतल्यात. तुमची चप्पल काय घेऊन बसलात!"

मी त्यांच्याकडे गेलो तो अगदी शेवटचा उपाय म्हणून. मी पनवेलच्या एका शाळेत पीटीचा शिक्षक. खो-खोचा सराव घेताना माझा डावा घोटा मुरगळला. आठवड्याभरात सूज उतरली, मी विसरूनही गेलो. मग एका सकाळी पलंगावरून उतरलो, तर डावा पाय हलेचना. दुखत नव्हता, मुंग्या नव्हत्या. ओंडका बांधल्यासारखा नुसता मागून फरफटत यायचा. एमआरआय झाला, नसांच्या तपासण्या झाल्या, रक्त झालं. सगळं नॉर्मल. एका मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्टचा गठ्ठा माझ्या हातात परत दिला आणि हसून सांगितलं, "तुम्हाला काहीही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका."

खरं तर हे ऐकून घरात पेढे यायला हवे होते. झालं उलटंच. काहीही झालेलं नाही, तर मग हा माणूस चालत का नाही? स्टाफरूममध्ये मी शिरलो की बोलणं थांबायचं. एकदा मात्र दाराबाहेरूनच ऐकू आलं, "निवडणुकीची ड्युटी आली ना, सरांचा पाय आता मतमोजणीनंतरच सुटणार." लोक हसले. त्याचंही काही नाही. पण एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता सुनीता, माझी बायको, मान वर न करता म्हणाली, "खरं सांगा हं मला. मुद्दाम तर नाही ना करत तुम्ही?" मला तिचा राग आला नाही. मी स्वतःला रोज तेच विचारत होतो.

बाईंनी माझ्या बुटांचे तळ पाहिले. डाव्या बुटाची टोकाची कड घासून पांढरी पडली होती. त्यांनी मला टेबलावर आडवं केलं आणि सुनीताला जवळ बोलावून तिचा तळहात माझ्या डाव्या टाचेखाली ठेवायला लावला. "सर, ही टाच खाली दाबा." मी दात-ओठ खाऊन जोर लावला. सुनीता म्हणाली, "काहीच नाही दाबलं जात." "आता तो पाय विसरा. उजवा वर उचला, मी अडवते, तरी उचला." मी उजवा पाय उचलायला गेलो आणि सुनीता एकदम ओरडली, "अगं बाई! दाबला! हात चेपला माझा!"

क्लिनिकमध्ये बाई शुद्ध पुस्तकी बोलायच्या, पण मनातलं सांगायचं झालं की त्यांच्या कोन गावची बोली वर यायची. त्या सुनीताकडे वळल्या. "पाहिलंत ना? ताकद हाय. तार तुटलेली नाय, संदेश चुकतोय. घोटा दुखला तवा मेंदूनं या पायावर पहारा बसवला. घोटा बरा झाला, पण पहारा उठलाच नाय. मग सर जितका हुकूम सोडतील तितका पाय अडतोय. ते नाटक नाय करत. हा खरा आजार हाय, नि याला नाव हाय." सुनीता माझी टाच तशीच हातात धरून रडायला लागली. मी छताच्या पंख्याकडे बघत पडून होतो. मला पाय परत मिळाला नव्हता, पण कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला.

तरीही त्यांनी एवढ्यावर शिक्का मारला नाही. चिठ्ठी देऊन मेंदूच्या एका डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तपासून तेच सांगितलं, तेव्हाच बाईंनी उपचाराला हात घातला. "‘काय नाय झालं’ हे निदान नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. पूर्वी सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की मगच, दुसरं काही सापडत नाही म्हणून, हा आजार ठरवायचे. आता नव्या संशोधनामुळे हा आजार त्याच्या स्वतःच्या खुणांवरून ओळखता येतो, मेंदूच्या कामात काय फरक पडतो तेही हळूहळू उमगतंय, हे त्या फार आनंदानं सांगायच्या. संशोधनाचे हे कागद त्या प्रिंट काढून आणत आणि दुपारच्या जेवणासोबत वाचत. डब्यात बहुतेक सुकट-भाकरी. त्यामुळे एखादा कागद मला दाखवायला पुढे केला की त्याला लाल पेनाच्या रेघा असायच्या आणि सुकटीचा वास. "नेमकं का होतं ते पुरतं कुणालाच ठाऊक नाय अजून," त्या मोकळेपणी सांगत. "पण पायाला परत शिकवता येतं, एवढं ठाऊक हाय."

शिकवणं मात्र माझ्या स्वभावाच्या मुळावर येणारं होतं. पहिल्या दिवशी मी सवयीनं मोठ्यानं म्हणालो, "एक, दो, एक!" बाई जागच्या जागी थांबल्या. "कवायत बंद! पाय तुमच्या वर्गातला पोरगा नाय, हुकूम नका सोडू." पायाकडे बघायला बंदी, पायाचा विचार करायला बंदी. त्या माझ्याशी चेंडू झेलत आणि सुनीतानं सकाळी काय भाजी केली होती ते विचारत. उलट्या पावली चालवत. फरशीवर पाय सरकवत न्यायला लावत. तिसऱ्या आठवड्यात, कारल्याच्या भाजीत गूळ घालावा की नाही यावर आमचा वाद रंगला असताना बाई एकाएकी गप्प झाल्या. मी पाहिलं, तर मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी उभा होतो. कसा आलो ते मला सांगता येईना. "गूळ घालायचाच," एवढंच म्हणून बाईंनी तोंड फिरवलं आणि पदरानं डोळे पुसले.

मध्येमध्ये पाय पुन्हा अडायचा, पण तीन-चार महिन्यांत मी मैदानावर आलो. आणि बरा झालेला माणूस वागतो तसा वागायला लागलो. कोनमधले एक काका, माझ्या विद्यार्थ्याचे आजोबा, पाय जड झालेत म्हणून घरी बसले होते. मी त्यांना रुबाबात सांगितलं, "काही नसतं हो. लक्ष देऊ नका. उलटं चाला, माझ्यासारखे बरे व्हाल." आठ दिवस ते बिचारे अंगणात भिंत धरून उलटं चालले. मग दोनदा पडले, तेव्हा मी त्यांना बाईंकडे घेऊन गेलो.

बाईंनी टाचेची तीच परीक्षा घेतली, तळव्यावरून हातोडीचं टोक ओढलं, लघवीला त्रास होतो का ते विचारलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे तसलं नाय. मणक्यात कायतरी दाबतंय. घरी जायचं नाय, इथूनच हॉस्पिटलात." गाडी येईपर्यंत त्यांनी मला बाहेरच्या खोलीत बोलावलं. आवाज चढवला नाही. "सर, तुमचा आजार तुमचा. तो दुसऱ्याला वाटायचा नसतो. तुमाला ‘काय नाय’ म्हणून वाटेला लावलं, तवा कसं वाटलं होतं?" मी दारातून काकांच्या चपला उचलल्या आणि त्यांच्या पायात घातल्या.

काकांचं ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी झालं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस गेले असते तर पाय कायमचे गेले असते. काका शुद्धीवर आले आणि त्यांनी पायाचा अंगठा हलवून दाखवला. आज काका काठी घेऊन बाजारात जातात आणि भेटले की मलाच चहा पाजतात. त्यांनी मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही.

गेल्या वर्षी बाई नागपूरला गेल्या. तिथे माझ्यासारख्या पेशंटच्या पुनर्वसनावर अभ्यास चालू आहे, त्यात त्यांना बोलावणं आलं. निरोपाचा कार्यक्रम करायचा आम्ही बेत केला होता. त्यांनी ऐकलं नाही. "तुमाला माझ्याकडं परत यायला लागलं नाय, हाच सत्कार," म्हणाल्या. क्लिनिकच्या जागी आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.

पूर्वी पीटीच्या तासाला एखादं मूल पोट किंवा पाय दुखतो म्हणालं की माझं उत्तर तयार असायचं, "नाटकं नकोत, पळ!" किती मुलांना मी असं पळवलं असेल, देव जाणे. दिवाळीच्या सुटीनंतर सातवीतली एक मुलगी रांगेतून बाहेर आली. पाय दुखतो म्हणाली. मागून पोरी खिदळल्या, कारण ही रोजच काही ना काही सांगायची. मी शिट्टी खिशात टाकली आणि तिच्यासमोर मातीत बसलो. "कुठं दुखतंय? बोट ठेवून दाखव." तिनं बुटावर, बोटांच्या थोडं वर, एका जागी अलगद बोट ठेवलं. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तीच जागा.

एक्सरेत बारीक भेग निघाली. दीड महिना प्लास्टर, आता ती लंगडी खेळते. मी बाईंना फोन करून सगळं सांगितलं.

"सर," त्या म्हणाल्या, "एक्सरेत काहीच निघालं नसतं, तर काय केलं असतं?"

"तरी पुन्हा मातीत बसलो असतो."

"हां," बाई म्हणाल्या, आणि त्यांचं ते खळखळून हसणं मला पनवेलच्या मैदानावर ऐकू आलं.