चुलीचा पाइप मी उलटा बसवला होता

मंडळी, आज सकाळी आईच्या नव्या लोखंडी चुलीला धुराचा पाइप मी स्वतः बसवला. कौलं घालताना वरचं खालच्यावर चढवतो, तसेच पाइपचे तुकडे एकावर एक चढवत नेले.

चूल पेटल्यावर तासाभरात सांध्यातून काळं, चिकट पाणी ओघळलं आणि थेट खालच्या पिठाच्या परातीत पडलं.

"ह्ये काय गळतंय रं? सगळं पीठ गेलं!" आई ओरडली.

शेजारच्या काशिनाथमामांनी माथेरानच्या हॉटेलात बरीच वर्षं चुली आणि बंब सांभाळलेत. त्यांना बोलावलं. त्यांनी पाइपमागच्या भिंतीच्या लाकडी फळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"चूल इझव आधी. ही फळी कवातरी पेटली असती."

मी लगेच लाकडं बाहेर ओढून चूल विझवली. चूल थंड झाल्यावर पाइप फळ्यांपासून दीड हात लांब येईल इतकी ती सरकवली. छपराच्या पत्र्याला नवं भोक पाडावं लागलं. मग मामांनी प्रत्येक वरच्या तुकड्याचं टोक खालच्याच्या आत बसवलं आणि प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू मारले.

"पाऊस भायेरनं येतो, ह्ये धुराचं डांबर आतनं. ते आतल्या आत चुलीत पडाय पायजे."

"पण मग फटीतून धूर येणार नाही?" मी विचारलं.

चूल पुन्हा पेटल्यावर मामांनी सांध्याजवळ उदबत्ती धरली. तिचा धूर चक्क फटीतून पाइपात ओढला गेला!

उदबत्ती संपेपर्यंत मी बघत उभा होतो. तुम्ही कधी पाहिलंय हे? तुमच्या चुलीच्या पाइपच्या वरच्या तुकड्याचं टोक आत आहे की बाहेर?